हवेत थांबलेला हात

२०२१ च्या हिवाळ्यात आयर्लंडमधल्या स्लायगोजवळच्या एका उपचारकेंद्रात मी राहायला गेले होते. कोविड वॉर्डात काम करून माझी झोपच उडाली होती. माझ्या शेजारच्या चटईवर एक आयरिश नर्स असायची. तिथे कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, असा नियम होता.

रोज सकाळी जमिनीवर आडवं पडून अंग सैल सोडायचं. मला, डॉक्टरला, ते थोतांडच वाटायचं. "हात जड होऊ द्या," शिकवणारी बाई म्हणायची. आमचे व्हायचे. या नर्सचा उजवा हात मात्र हळूहळू वर यायचा आणि बोटं आवळून हवेत थांबायचा. डोळे मिटलेलेच.

एकदा चहा घेताना मी विचारलं, "हात दुखत नाही?"

"वॉर्डात मी पेशंटच्या कानाशी फोन धरायचे," ती शांतपणे म्हणाली. "घरचे शेवटचं बोलायचे. अजून बोलतायत ते. मध्येच कसा काढू?"

आदल्या वर्षी माझे बाबा नागपुरात वारले, तेव्हा विमानं बंद होती. बोलणंही राहून गेलं.

शेवटच्या सकाळी तिचा हात वर आला, वळला आणि माझ्या कानाशी येऊन थांबला. मी डोकं बाजूला घेतलं नाही.

"हो बाबा," मी हळूच म्हणाले, "येतंय ऐकू."