पांढऱ्याचा माणूस

आख्ख्या खानदेशात पांढरा रंग खऱ्या अर्थानं एकाच माणसानं पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझे धुळ्याचे मामेसासरे. बाकी आपण सगळे जे पाहतो ते दुधी, राखी, मातकट, धुवट असं काहीतरी असतं आणि आपण अज्ञानापोटी त्याला पांढरं म्हणतो. मामेसासऱ्यांची हयात एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेली. गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, उत्तरेकडे तोंड करून चिमटीत धरायचा आणि प्रत सांगायची. दुसऱ्यांदा पाहायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. निवृत्तीनंतरही हंगामात शेठ त्यांना बोलावून घेत आणि सगळं धुळं त्यांना नाना म्हणे.

ही पारख कापसापाशी थांबली असती तर आमचे हाल झाले नसते. सदऱ्याचं कापड घ्यायला गेले की नाना तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर येत आणि दुकानदार पळवून नेल्यासारखा मागे धावे. घराला एका वर्षात चारदा पांढरा रंग दिला. "रंगारी चार वेळा आला आन घर व्हतं तसंच शे," असं मामी आल्यागेल्याला सांगत. माझ्या लग्नात मी मांडवात उभा राहिलो तेव्हा नानांनी माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सुटाकडे पाहून भर पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं, "फरदड शे." फरदड म्हणजे सगळ्या वेचण्या झाल्यावर झाडाला उरतो तो कापूस. ते सुटाबद्दल बोलले की माझ्याबद्दल, हे बायकोनं मला अजून सांगितलेलं नाही. अलीकडे त्यांचा राग दुधावर होता. मामी म्हशीचं दूध म्हणून गाईचं पिवळट दूध पाजतात, असा त्यांचा रोज सकाळचा आरोप असे.

अशा माणसाच्या तावडीत मी माझ्या पायांनी चालत गेलो. जळगावातली माझी नोकरी सुटली होती, तीन महिन्यांचा कोर्स करून मी वेबसाइटवाला झालो होतो आणि पहिलं काम मिळालं ते नानांच्याच जिनिंगचं. हे काम हातचं गेलं असतं तर दुसरं कुणी देईल अशी चिन्हं नव्हती. कोर्समध्ये सांगितलं होतं, रंग तीनच वापरा. मी नऊ वापरले. लाल पट्टीवर हिरवी अक्षरं टाकली, ती वाचताना शेठना चष्मा काढावासा वाटला, मग घालावासा वाटला. ते शांतपणे म्हणाले, "पांढरी करा. आन पांढरं कोनतं, ते नाना सांगतीन. त्यांनी हो म्हटलं का माझं हो."

मी पांढरी केली. नानांनी लॅपटॉप ओसरीवर आणायला लावला, कापसाची चिमूट धरावी तसा उत्तरेकडे धरला. "हाई पांढरं नही शे, जवाई. हाई पिवयं शे."

पिवळेपणा मारायला थोडा निळा मिसळावा लागतो, एवढं मला ठाऊक होतं. मिसळला. "पिवयं शे." आणखी मिसळला. "पानी लागेल कापूस शे," म्हणजे पावसात भिजून कळकटलेला. जळगाव-धुळे अशा माझ्या पाच फेऱ्या झाल्या. मी पडदा पुसला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, दुधवाल्याला थांबवून विचारलं की बाबा, हे तुला कसं दिसतं. तो म्हणाला, "आभायासारखं." मी त्याला अडाणी समजलो. पारख नानांची, शंका माझ्या डोळ्यांवर. शेवटी सहाव्या फेरीला नाना म्हणाले, "आता पांढरं," आणि मी विजयी मुद्रेनं शेठकडे गेलो.

शेठनी लॅपटॉप जवळ ओढून पाहिला. "जावई, आपण कापूस विकतो का धुण्याची नीळ?"

मी म्हटलं, माझीच चूक, रात्रीतून बदलतो. शेठ हसले नाहीत. आवाज उतरवून म्हणाले, "नानांनीच हो म्हटलं ना? औंदा सोनगीरचा एक गडी भांडून गेला. पहिल्या वेचणीचा कापूस, नानांनी खालच्या प्रतीत टाकला. मी नानांचं खरं धरलं."

मी तिथून नानांकडे आलो. मामी चहा गाळत होत्या आणि नाना ओरडत होते, दूध पिवळं आहे. मामींनी पातेलं माझ्यासमोर धरलं. दूध पांढरंशुभ्र होतं. माझ्यासारख्या फरदड माणसालासुद्धा तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. आधी एक डोळा केला. पट्टी निघाल्यावर नाना ओसरीवर बसले आणि त्यांनी स्वतः हो म्हटलेली वेबसाइट पुन्हा मागितली. एक डोळा झाकून पाहिली, मग दुसरा. बराच वेळ झाकाझाकी चालली. "इतली निळी कोनी करी?" मी म्हटलं, "मी." त्यांनी आतून हंगामातल्या नमुन्यांच्या पुड्या आणवल्या, एकेक उघडून तसंच पाहिलं आणि सोनगीरची पुडी मांडीवर ठेवून म्हणाले, "तो म्हने, नाना, पांढरा शे. मी हसनू त्याले."

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनगीरला गेलो. आधी शेठना गाठून नानांनी प्रत बदलायला लावली होती, पण सांगायला स्वतःच जायचं होतं. त्या गड्यानं खाट टाकली, चहा दिला. नाना म्हणाले, "मना डोया चुकना." गडी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना नाना," आणि कपाशीवर कुठली कीड पडली ते सांगत बसला.

वेबसाइट आता साधी पांढरी आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र नाना पुढे ढकलतात. मामी चिडतात, मी समजावतो, ते म्हणतात, "चुकना तो डोया बी ऱ्हाऊ द्या." जिनिंगमध्ये गाडी आली की अजूनही ते उत्तरेकडे तोंड करून चिमूट धरतात. नव्या डोळ्यानं पाहतात, जुन्यानं पाहतात, आणि मग गाडीवाल्यासमोर हात करून विचारतात, "तुमले काय दखास?" परवा मी सहज उभा होतो, तर चिमूट माझ्यापुढे आली. आयुष्यभर मला पांढरं कळलं नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "पांढरं." नानांनी मान हलवली आणि मी सांगितलं तेच लिहून घ्यायला लावलं.