कोपराला बांधलेला ओटा

कुठल्याही वस्तूला स्वतःचं माप नसतं, ते दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यायचं असतं, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे हे मेहुणे कोथरूडला घरीच कॉम्प्युटरवर यंत्रांची डिझाइनं करतात. मी काही शिकलेली इंजिनीअर नव्हे. जे कळलं ते त्यांच्या मागे खुर्ची टाकून, चहा पीत कळलं. समजा, डबा आणि झाकण काढायचंय. तुम्ही-आम्ही दोघांची मापं लिहू. हे झाकणाला मापच देत नाहीत. झाकणाची कड डब्याच्या कडेला बांधून टाकतात. मग डबा वाढवला की झाकण आपलं आपण वाढतं. "ताई, माप लिहायचं नसतं, विचारायचं असतं," हे वाक्य मी इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

बरं, हे वेड कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर ठीक. एकदा आम्ही डोसा खायला गेलो, तर मेहुण्यांनी वेटरलाच विचारलं, "डोसा ताटलीवरून ठरतो की ताटली डोशावरून?" तो पुण्यातच मुरलेला. म्हणाला, "काका, डोसा भुकेवरून ठरतो. साधा की मसाला?" माझ्या देवघराचं डिझाइनही यांनीच केलं, समईच्या उंचीला बांधून. सुतार यायच्या आत मी जुनी समई लेकीला देऊन स्वतःला छोटी आणली आणि यांना तसं सांगितलं. देवघर आलं ते असं आकसून, की बाळकृष्ण आडवा ठेवावा लागला.

"अहो, देव कशाला बांधले होते?"

"देव मोकळे होते," ते शांतपणे म्हणाले. "समई मावतेय ना?"

गेल्या वर्षी मात्र कुमुदच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, पाठीचा मणका दबला. चांगली ताठ बाई, ती पुढे वाकली ती वाकलीच. ओटा छातीशी यायला लागला, पोळ्या लाटताना हात भरून येत. मुलगा म्हणाला, "आई, स्वयंपाकाला बाई लावू." कुमुद म्हणाली, "लाव. आणि जेवायलाही तिलाच बसव." दोन दिवस मायलेकांचा अबोला. माझ्या बहिणीचा ओटा गेला तर तिचं काय उरेल, हे मला ठाऊक होतं. मेहुण्यांनाही ठाऊक असावं, कारण ते टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

"अगं, कोपर हलवू नकोस."

"अहो, पोळी करपतेय."

"करपू दे. माप चुकेल."

मग सगळं स्वयंपाकघर कॉम्प्युटरवर चढलं. ओटा तिच्या कोपराला बांधला, शेगडी ओट्याला, चिमणी शेगडीला, मांडण्या चिमणीला. कोपराचा आकडा बदलला की पडद्यावर सगळं एकदम खाली सरकायचं, जणू कुणी मोठं माणूस आल्यावर सगळे नमस्काराला वाकले. कारागिरांनी तसंच्या तसं बांधलं.

पहिल्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. कुमुद ओट्याशी उभी राहिली, लाटणं फिरवलं आणि लगेच दुसरी पोळी घेतली. आमचे सहा फुटी मेहुणे कौतुकाने पुढे झाले आणि चिमणीवर कपाळ आपटून मागे आले. सगळं सगळ्याला बांधलं, स्वतःला बांधायचं तेवढं राहिलं.

"जिथे लुडबुड करायची नाही तिथे करू नये," कुमुद आतून म्हणाली.

बाहेर मी त्यांच्या कपाळाला बर्फ लावत म्हटलं, "अहो, ती चिमणी सोडवून वर घ्या, आणि ओट्याचं माप आता एकदाचं पक्कं करून टाका. झालं ना काम?"

"चिमणी घेतो वर," ते म्हणाले. "माप नाही पक्कं करणार."

"का?"

"पक्कं केलं म्हणजे ती आता एवढीच राहणार, असं मीच ठरवल्यासारखं होईल, ताई. डॉक्टर म्हणाले ना, व्यायामाने होईल सरळ. तेव्हा ओटा वर घ्यायला लागेल."

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. कुमुदला दाखवायला नेलं, त्या दिवशी दवाखान्यात मीही होते. पण तेवढ्यात कुमुद गरम पोळी घेऊन बाहेर आली, आणि मी ताट पुढे केलं.