सत्तावीस नंबर आणि माझी यादी

आमच्या घरचा फोन नंबर एका महिन्यात चार वेळा बदलला, आणि चारही वेळा अर्ज माझाच होता.

ही नव्वदीतली गोष्ट. राहुरीकडच्या बेलापूरच्या अलीकडचं आमचं गाव, तिथल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका. गावात मोजून तीसेक फोन. आमचा नंबर दोनच आकडी, सत्तावीस. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधले कदमभाऊ ‘बोला बाई’ म्हणायचे. आपण नाव सांगायचं, ते वायर खुपसून जोडून द्यायचे. (लागलीच जोडायचे असं नाही. आधी आपली ख्यालीखुशाली विचारून घ्यायचे.)

आमच्या गल्लीतल्या अकरा घरांचा पी.पी. नंबर आमचाच. म्हणजे फोन आमच्या घरी, पण नोकरीच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्यांनी छापलेला. फोन आला की ज्याचा असेल त्याला बोलावून आणायचं. त्यासाठी मी फोनशेजारी सुतळीनं एक वही बांधून ठेवली होती. कोण किती वाजता घरी असतं, कुणाला बोलवायला कुणी पळायचं, सगळं तारखेनिशी. गल्लीत मला ‘यादीवाल्या बाई’ म्हणत. मला ते कौतुक वाटायचं.

मग एक्स्चेंज नवं झालं. कदमभाऊंच्या वायरी गेल्या, आपल्या बोटानं आपणच फिरवायचं आलं आणि नंबर पाच आकडी झाले. ज्याच्या त्याच्या जुन्या नंबराआधी तीन आकडे लागणार, असं सगळे सांगत होते. आमच्या नव्या नंबराच्या शेवटी मात्र चौसष्ट आलं. सत्तावीस गेलं गावाबाहेरच्या पोल्ट्रीवाल्या आबासाहेबांकडे!

मी लगेच यादी केली. नवा नंबर कळवायचे पत्ते एक्केचाळीस. पोस्टकार्डं आणली, लिहायला बसले, तेवढ्यात शेजारच्या भागाबाई आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

“बाई, माझ्या मंगलला कसं कळायचं?”

मंगल म्हणजे त्यांची मुलगी. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे गेलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. दर रविवारी अकरा वाजता कारखान्याजवळच्या बूथवरून तिचा आमच्याकडे फोन यायचा. टोळी आज या शिवारात, उद्या त्या. पोस्टकार्ड पाठवायचं कुठं? एक्केचाळीस पत्त्यांत नेमका तिचाच नव्हता.

“सत्तावीस शेवटी राहिला ना, तर बूथवाला तरी आधीचे तीन आकडे शोधून काढील,” मी म्हणाले. “काळजी करू नका. मी नंबर परत आणते.”

एक्स्चेंजला गेले. कदमभाऊ आता टेबलामागे बसून अर्ज घेत होते, फार उदास दिसत होते. म्हणाले, दोघांनी मिळून अर्ज केला तर अदलाबदल होईल, पण कागद वरच्या ऑफिसात जाईल. तशीच पोल्ट्रीवर गेले. आबासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “न्या की बाई. कोंबड्यांना कुठं नंबर कळतोय.” जागच्या जागी सही दिली.

इथं माझा स्वभाव आडवा आला. दोन दिवसांत उत्तर नाही म्हणून मी स्मरणपत्र दिलं. आणखी दोन दिवसांनी दुसरं. दोन्ही वेळा सोबत मूळ अर्जाची स्वच्छ प्रत जोडली, दोघांच्या सह्या नव्यानं घेऊन. (कागद अपुरा म्हणून कुणी बोट दाखवायला नको.)

अर्ज दिल्याच्या पहिल्याच आठवड्यात सत्तावीस आलं. मी पेढे वाटले आणि एक्केचाळीस पोस्टकार्डं टाकली.

पुढच्या सोमवारी सकाळी फोन वाजला. राहुरीहून कोणीतरी साठ डझन अंडी मागत होतं. सवयीनं मी वहीत लिहून घेतलं आणि मग विचार केला, अंडी? दुपारी आबासाहेब लुनावरून आले. हातात चिठ्ठी. “तुमच्या गल्लीत पाटोळे कोन हाय? त्यांच्या मेव्हण्याला नोकरी लागली. आन् माजी अंडी कुटं हायेत?”

कदमभाऊंना विचारलं. त्यांनी फाईल उघडून दाखवली. माझं स्मरणपत्र वरच्या ऑफिसला इतकं परिपूर्ण वाटलं होतं, की त्यांनी तो नवा अर्ज समजून नंबरांची पुन्हा अदलाबदल केली होती!

“म्हणजे दुसरं स्मरणपत्र…”

“ते पण गेलंय वर, बाई.”

मी तिथंच बसून रागानं तक्रार लिहिली: सर्व पूर्ववत करावे. घरी येऊन पोस्टकार्डं काढली. हे (आमचे हे साखर कारखान्यात होते, बोलायचे कमी) म्हणाले, “या खेपेला पेन्सिलीनं लिही.”

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या स्मरणपत्रामुळे सत्तावीस परत आलं. चौथ्या आठवड्यात तक्रारीवर कारवाई होऊन सर्व पूर्ववत झालं. म्हणजे सत्तावीस पुन्हा पोल्ट्रीवर! आता माझी नणंद आमच्याशी बोलायला कोंबड्यांना फोन करायची, आणि अंडीवाले मला आदरानं ‘शेठ’ म्हणायचे. आपला नंबर कोणता, असं कुणी विचारलं तर मी आधी वार विचारायचे.

या सगळ्यात मंगलचे तीन रविवार कोरडे गेले. चौथ्या रविवारी भागाबाई दहालाच येऊन फोनसमोर बसल्या. लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला ते बघवेना. मी पक्का बंदोबस्त केला. आमच्या फोनजवळ मी आणि भागाबाई, आबासाहेबांच्या फोनजवळ हे, सायकल आणि वहीच्या नकलेसह. कुठलाही सत्तावीस वाजू दे, हातातून सुटणार नव्हता.

अकरा वाजले. सव्वा अकरा. साडेअकरा.

दाराशी सायकलची घंटा वाजली. मला वाटलं हे आले. कदमभाऊ होते, घामाघूम.

“भागाबाई, चला. मंगलचा फोन हाय. एक्स्चेंजला आलाय, लाईन धरून ठिवलीय. जोडून द्यायला आता वायर न्हाई.”

भागाबाई साठीच्या. पण त्या दिवशी त्या पुढे, मी मागे आणि कदमभाऊ सायकल असूनही तिसरे. एक्स्चेंजमध्ये टेबलावर रिसीव्हर आडवा पडला होता. भागाबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला. कानाशी घट्ट धरला.

“पोरगी झाली,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. “दोगी बऱ्या हायेत.” आणि मग रडल्या.

त्यांचं बोलून झाल्यावर मी रिसीव्हर घेतला. अभिनंदन केलं, पण माझ्यातली वही गप्प बसेना. “मंगल, तुला नवा नंबर लागला नाही म्हणून तू एक्स्चेंजला केलास ना गं? सत्तावीसच्या आधीचे आकडे बूथवाल्याला सापडले नाहीत?”

“कसले आकडे, बाई?”

“आमचा नंबर. सत्तावीस.”

“मला न्हाई ठावं नंबर. मी आदीपास्नं एक्स्चेंजच मागते. कदमतात्यांना म्हनते, यादीवाल्या बाईंचं घर द्या. ते जोडून देत्यात. मधी तीन रविवार दवाखान्यात हुते, म्हनून जमलं न्हाई.”

मी कदमभाऊंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. म्हणाले, “तुम्ही अर्जात कारन लिवलंच नव्हतं, बाई. मला वाटलं, तुमाला आकडा आवडतो.”

घरी आले. दुपारी हे पोल्ट्रीवरून परतले. फोन आला नव्हता, पण त्यांनी चाळीस डझन अंडी विकली होती. मी वही उघडली. अकरा घरांच्या यादीखाली बारावं घर लिहिलं, आमचं स्वतःचं. पी.पी. नंबर: टेलिफोन एक्स्चेंज, कदमभाऊ.

पेन्सिलीनं लिहिलं.