लांब दांड्याचं दाताळं

आमच्याकडे घोड्यांच्या कुरणातली लीद शेवंतामावशी उचलतात. काल मला सोबत घेऊन त्या दुकानात नवं दाताळं निवडत होत्या. एकेक हातात घेऊन फरशीवर नसलेली लीद उचलून बघायच्या. गिऱ्हाइकं हसत होती.

"मावशी, सगळी सारखीच आहेत," दुकानदार म्हणाला.

"तुला काय जातंय? डॉक्टर म्हणतात, वाकणं सोडा. मग घोड्या सोडू होय?"

मी चावणाऱ्या चपलाही निमूट घरी आणते. आपल्याला काय सोयीचं, हे चारचौघांत सांगायला केवढं धाडस लागतं!

शेवटी माळ्यावरून लांब दांड्याचं एक निघालं. मावशी ताठ उभ्या राहिल्या, फरशीवर दाताळं फिरवत कुरणात घोडीला म्हणतात तसं सवयीनं म्हणाल्या, "चंद्रे, पाय उचल गं."

मी चटकन पाय उचलला.