हाडवैद्याच्या बायकोचे गुडघे

माझा नवरा हाडवैद्य होता. गिरणीच्या पट्ट्यात हात सापडलेले कामगार, तालमीत खांदा निखळलेले पैलवान, गाडीवरून पडलेले शेतकरी, सगळे आमच्या ओसरीवर येऊन बसत. जेऊर, केमहून माणसं रेल्वेनं सोलापुरात येत आणि स्टेशनावर उतरल्यावर आमचं घर विचारत. कुणीही दाखवायचं. पेठेत त्याला वैद्यबुवा म्हणत. तोंडावर मी त्याला जन्मभर अहोजाहो केलं. इथे लिहिताना तसं करायचं माझ्या मनात येत नाही.

त्याच्या हाताला गुण होता, हे मी नाकारत नाही. मोडलेलं हाड तो डोळे मिटून चाचपायचा आणि माणसाला बोलण्यात गुंतवून एका झटक्यात बसवायचा. पण त्या ओसरीमागे एक घर होतं, आणि त्या घरात मी होते. लेपासाठी उडीद दळायचे, पाला वाटायचा, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडायच्या, मुक्कामाला राहिलेल्यांना भाकऱ्या थापायच्या. हे सगळं जमिनीवर बसून. जात्याशी एक पाय पसरून, चुलीशी उकिडवं, पाट्याशी गुडघे मोडून. लग्न होऊन आले तेव्हापासून मी उभी कमी आणि बसलेली जास्त.

पन्नाशी उलटली आणि उजवा गुडघा धरायला लागला. आधी फक्त उठताना. मग जिना उतरताना. मग दोन्ही गुडघे. सकाळी अंथरुणातून उठले की पाय आपले वाटायचे नाहीत. चार पावलं टाकली की जरा सुटायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा सुजायचे. वाकवले की आत वाळू भरल्यासारखी करकर व्हायची. सगळ्यात हाल परसाकडे जाण्याचे. बसता यायचं, पण उठता यायचं नाही. भिंतीला धरून, दात आवळून उठायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. हे कुणाला सांगणार?

एकदा ओसरी रिकामी बघून मी त्याच्यापुढे बसले. म्हटलं, "अवो, जरा गुडघं बघता का माजं?"

त्यानं लांबूनच पाहिलं. "पडलीस का कुटं?"

"न्हाय."

"मुरगाळलं?"

"न्हाय."

"मग काय बघू? मोडलं न्हाय, निखळलं न्हाय. वय झालं की दुकतंच. जरा तेल लाव."

आल्यागेल्या प्रत्येकाला तो आधी विचारायचा, कुठं दुखतंय, कसं दुखतंय. मला विचारलं नाही. मी उठायला लागले तर गुडघा कटकन वाजला. तो त्याला ऐकू गेला असणार. त्यानं तंबाखूचा बटवा उघडला.

घरात मुलगा होता, पण तो बापाला भिऊन असायचा. गिरणीचा भोंगा झाला की जायचा आणि आला की जेवून झोपायचा. सुनेला वाटायचं, मी सोंग करते. जातं तिच्या गळ्यात पडायला लागलं होतं, तिचा राग मी समजू शकते. पण ती ओट्यावर शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आत्यांचं गुडघं दळणाच्या वक्ताला बरं दुकत्यात की." मीही कमी नव्हते. मीही ऐकवायची. आम्ही दोघी एका जात्याशी बसून एकमेकींकडे न बघता दळत होतो, असे ते दिवस.

मग एके दिवशी एक पैलवान खांदा दाखवायला आला. मी त्याला पाणी घेऊन गेले. पोरगा मनानं साधा. तो म्हणाला, "काकू लंगडत्यात की. वैद्यबुवा, घरातल्यांनाच औषिद न्हाय व्हय?"

ओसरीवरचे सगळे हसले. माझा नवरा हसला नाही.

"हितं बस," तो मला म्हणाला. मी नको म्हटलं. लोकांपुढं नको, मागनं बघा, असंही म्हटलं. त्यानं हाताला धरून मला खाली बसवलं. मग पाय धरला आणि निखळलेला सांधा ओढतात तसा ओढला आणि पिळला. मी ओरडले. त्या ओसरीवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. तो लोकांकडे बघून म्हणाला, "वात धरलाय. आता मोकळा झाला." आणि सुनेला बिबे आणायला सांगितलं.

बिब्याचं तेल ज्यानं अंगावर घेतलंय त्याला पुढचं सांगायला नको. बिबा उतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांवर फोड, मग फोडांच्या जखमा, मग ताप. मी आतल्या खोलीत पडून होते आणि बाहेर त्याचा आवाज ऐकत होते. तो कुणाला तरी सांगत होता, "फोड आलं म्हंजी आतला वात भाईर पडतुया. चांगलं लक्षण हाय." ते ऐकून मला त्याचा जो राग आला, तो आजपर्यंत उतरलेला नाही.

जखमा भरल्या, डाग राहिले, गुडघे होते तसेच दुखत राहिले. तेव्हा मी ठरवलं की बायकांच्या दवाखान्यात जायचं.

गल्लीच्या तोंडाशी एक टांगेवाला राहायचा, मुसलमान, भला माणूस. त्याला विचारलं. दवाखान्याचं नाव काढताच तो घोड्याच्या तोंडावरून हात फिरवायला लागला. "वैनी, दुसरं कुटंबी सांगा. बाजार, स्टेशन, देवळात सोडतो. पन दवाखाना नको. माझा हात वैद्यबुवांनी बसवलाय. त्यांना कळलं तर मी तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्याला विचारलं, त्याच्या पोराचा पाय होता. शेजारच्या विणकर बाईला सोबत चल म्हटलं, तर तिच्या दिराचा खांदा होता. आमच्या साऱ्या पेठेची हाडं माझ्या नवऱ्यानं जुळवली होती, आणि त्यातल्या एकालाही माझ्याबरोबर चालता येत नव्हतं.

मग मी एकटी निघाले. पायी. सकाळीच निघाले, सगळे ओट्यांवर असतानाच. दर थोड्या वेळानं कुणाच्या तरी ओट्याला टेकत होते. बायका विचारायच्या, "वैनी, कुनीकडं?" मी मोठ्यानं सांगायची, "दवाखान्यात. गुडघं दावाया." एक म्हातारी तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई! वैद्यबुवांची बायकू?" मी म्हटलं, "व्हय. तीच."

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची असेल. तिनं मला उंच बाकावर बसवलं, पाय हळूच वाकवून पाहिला, हात ठेवून आतली करकर ऐकली. मग डागांवर बोट ठेवलं.

"हे कशाचं?"

"बिब्याचं."

"कुणी लावलं?"

"मालकांनी. हाडवैद्य हायत."

ती सरळ उभी राहिली. "म्हणजे तुमच्याच घरी चालतं ते! मागे एका बाईचा हात आला आमच्याकडे. इतका आवळून बांधलेला, की बोटं काळी पडली होती. कापावा लागला. असल्या अडाणी लोकांना तुरुंगात घातलं पाहिजे."

मी इतक्या लांबून त्याच्या विरोधात चालत आले होते, आणि त्याला दुसऱ्या कुणी बोललेलं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "त्यांनीच बांदला कशावरनं? सोलापुरात काय ते एकलेच हायत? लोकांचं वाकडं हात सरळ झालेलं मी माज्या डोळ्यांनी बघितल्यात."

"आणि हे डाग?"

"डाग माजं हायत. त्यांना काय म्हनायचं ते मी म्हनंन. तुमी गुडघं बघा."

ती चिडली. मला वाटलं, आता बाहेर काढते. त्या कापलेल्या हाताची गोष्ट मात्र माझ्या पोटात जाऊन बसली होती. आमच्या ओसरीवर हात बांधून घेतलेली आणि पुन्हा न दिसलेली एक बाई मला आठवत होती. खरं काय ते मला कधीच कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असं नाही. त्यानं खरं सांगितलं असतं असं मला वाटलं नाही.

डॉक्टरणीनं तुटक आवाजात सांगितलं, "दोन हाडांच्या मध्ये मऊ कूर्चा असते. तुमची झिजलीय. आता हाडावर हाड घासतं."

"मग बरं कशानं व्हईल?"

"होणार नाही. झिजलेलं भरून येत नाही. बरं करतो म्हणणारा कुणीही खोटं बोलतोय असं समजा. मीसुद्धा."

"मग मी आले कशाला?"

"आहे त्यापेक्षा वाढू नये म्हणून."

तिनं दुखण्यावर पुड्या दिल्या, उग्र वासाचं तेल दिलं. गरम मिठाची पुरचुंडी करून शेकायला सांगितलं. पडल्या पडल्या पाय सरळ वर उचलायचा, धरायचा, सोडायचा, म्हणजे मांडीत जोर येतो, हे स्वतः माझा पाय धरून करवून घेतलं. आणि म्हणाली, "जमिनीवर बसणं बंद. उकिडवं तर नाहीच. जातं बंद. स्वयंपाक उभं राहून करा."

"उभ्यानं सैपाक कोन करतं?"

"तुम्ही करा," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

मला ती आवडली नाही. पण इतक्या दिवसांत मला खरं सांगणारी ती पहिली होती.

परतताना दवाखान्याच्या दारात एक अनोळखी टांगा मिळाला. त्याचं कुठलंही हाड माझ्या नवऱ्यानं बसवलेलं नव्हतं.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. ओसरी भरलेली. केमची एक म्हातारी मुलाबरोबर आली होती आणि गुडघा उघडा करून बसली होती. शेजारी बिब्याच्या तेलाची वाटी.

"आलीस?" माझा नवरा म्हणाला. "काय म्हनली ती बाई? लोकांना बी ऐकू दे की."

मी दारातच उभी होते. म्हटलं, "झिजलंय म्हनली. भरून येत न्हाय म्हनली. तिच्यानं बी न्हाय आनि तुमच्यानं बी न्हाय."

मी त्या म्हातारीजवळ गेले, चार पुरुष बसलेले असताना लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि म्हटलं, "ह्ये बघा. तुमाला लावतायत त्येच हाय. तापानं पडून व्हते मी. दुकायचं काय थांबलं न्हाय."

म्हातारीनं डाग नीट निरखून बघितले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाली, "एवढं लांबनं आलेय, बाबा. लावा की."

आणि त्यानं लावलं. माझ्यासमोर, सावकाश, बोटानं पसरून.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. मीही बोलायला गेले नाही. रुग्णांचे खांदे ओढायला तो ज्या तिवईवर त्यांना बसवायचा, ती मी उचलून स्वयंपाकघरात नेली. त्यानं दुसरी करून घेतली. मुलाला मी सांगितलं, चूल उंच करून दे. तो बापाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "त्यांच्याकडं काय बघतुयास? भाकरी मी करते." पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं गवंडी आणला आणि दगडांचा ओटा बांधून त्यावर चूल मांडून दिली. गल्लीतल्या बायका ते बघायला आल्या. उभं राहून चुलीला पाय दाखवते, घरात लक्ष्मी कशी राहील, असं त्या माझ्याच दारातल्या ओट्यावर बसून बोलल्या. माझा नवरा काही दिवस भावाकडे जेवला. मग भावाची बायको कुरकुरली असावी. एका दुपारी येऊन पाटावर बसला आणि मी वाढलेलं मुकाट्यानं जेवला.

दळण पिठाच्या गिरणीत जायला लागलं. गिरणीच्या पिठाची भाकरी चिकट होते असं तो सुनेकडे बघून म्हणायचा. सूनही पहिल्यांदाच त्याला उलटून बोलली, "मग मामंजी, तुमीच दळा की." माझी बाजू घेतली असं नाही. तिची स्वतःची सुटका झाली होती आणि ती तिला सोडायची नव्हती. आमचं दोघींचं सूत पुढेही जमलं नाही, पण जात्यावरून भांडण मिटलं.

गुडघे दुखत राहिले. पाय उचलायचा व्यायाम मी सोडला नाही. काही महिन्यांनी एवढं झालं, की काठीनं बाजारापर्यंत जाऊन यायला लागले. परसाकडे मुलानं दोन दगड रचून वर मध्ये भोक पाडलेली फळी ठोकून दिली, त्याचा उपकार मी सगळ्यात मोठा मानते.

माझ्या नवऱ्यानं बिबा सोडला, पण माझ्यासाठी नाही. गुडघेदुखीची म्हातारी बाई आली की तो तोंड फिरवायचा. "माज्याकडं काय औषिद न्हाय. जावा दवाखान्यात. तिकडं एक बाई हाय, ती सांगंल झिजलंय म्हनून. आमच्या घरच्यांनी बी तिलाच गुरू केलंय." तो हे टोचून म्हणायचा, मला ऐकू यावं म्हणून. त्या बायका खरंच जायच्या. काही तिवया करून घ्यायच्या.

एकदा बऱ्याच वर्षांनी, ओसरीवर कुणी नसताना, तो एकदम म्हणाला, "लोकांपुढं लुगडं वर कराया नको व्हतं."

मी म्हटलं, "मी मागनं बघा म्हनलं व्हतं. तुमीच लोकांपुढं धरलं."

तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि तालमीकडे निघून गेला. संध्याकाळी आला, जेवला. मी उभ्यानंच वाढलं.

तो गेला तेव्हा पेठेतली माणसं रडली. येणारा प्रत्येक जण आपला हात नाहीतर पाय दाखवून सांगायचा, हा वैद्यबुवांनी नीट केला. मी ऐकून घेतलं. ते खोटं नव्हतं. एका बाईनं मला विचारलं, "वैनी, तुमाला बी त्यांनीच बरं केलं असंल न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं.