भट्टीवरून आलेला बुधराम

आमच्या ख्रिस्ती मंडळीतले चार म्हातारे एकत्र जमले की प्रार्थना आटोपशीर होते आणि गप्पा लांबतात. चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो बुधरामचा किस्सा आठवतो का?" मग एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. गोरेगावकडचा हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, राज्य इंग्रजांचं होतं आणि मी मिशनच्या छोट्याशा दवाखान्यात कंपाउंडर होतो.

बुधराम मोहाच्या दारूच्या भट्टीवर कामाला होता. ठेकेदाराची दारू गाळायचा आणि गाळता गाळता प्यायचा. एकदा हात भाजून घेऊन दवाखान्यात आला, तोही झिंगलेलाच! आमच्या नर्स मार्थाबाईंनी ड्रेसिंग करता करता विचारलं, "रोज किती पितोस रे?"

"मोजत नाई, बाई. मोजाले सुद पायजे ना!"

हात बरा व्हायला बरेच दिवस लागले. ड्रेसिंग झालं की तो व्हरांड्यातच बसून राहायचा. आत प्रार्थना चालायची, तो बाहेरून ऐकायचा. एक दिवस व्हरांड्यातून उठून आत येऊन बसला. तेवढंच. पुढे भट्टी सुटली आणि तो लोकांच्या धानाच्या बांधीत मजुरीला जाऊ लागला.

त्याची बायको जानकी मुलांना घेऊन माहेरी निघून गेली होती. ती परत आली, पण सगळ्यांसमोर बजावून, "पुन्हा तोंडाले लावली तं मी लेकरं घेऊन जाईन. मंग येनार नाई." जानकी बोलली की करणारी बाई होती. उलट थोरला भाऊ सुखराम, ज्याने बापामागे याला वाढवलं, त्याने निराळंच बजावलं, "जो माज्या हातचा दारूचा द्रोन घेत नाई, तो माजा भाऊ नाई!" आणि खरोखर बोलणं टाकलं. बुधराम बिचारा या दोघांच्या मधे उभा.

*

बाप्तिस्म्याच्या आधी आमच्या पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी शास्त्रातलं एक छानसं नाव शोधून ठेवलं होतं. पाळकसाहेब नगरकडचे, भला माणूस, पण प्रत्येक गोष्ट व्यवस्थित व्हावी असा हट्ट. बुधरामने नाव ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको, पादरीबाबा. देवाले मी बुधराम म्हनून सापडलो. आता नाव बदललं तं तो कायले पुन्हा शोधत बसन?"

बाप्तिस्मा बुधराम याच नावाने झाला.

*

त्याच्या घरामागे मोहाची दोन मोठी झाडं होती. उन्हाळा लागला की खाली फुलांचा सडा पडायचा आणि तो गोड, जड वास साऱ्या अंगणात. पाळकसाहेबांना तो वास काही सहन होईना. म्हणाले, "बुधराम, मोहाचं मूळच उपटून टाक. झाडं तोडून टाक."

"काऊन? झाडानं मले कधी बलावलं नाई, बाबा. मीच जात होतो."

पुढच्या रविवारी जानकीने मंडळीसाठी लाडू आणले. तीळ घातलेले, काळसर, मऊ. पाळकसाहेबांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा हातात घेऊन विचारलं, "फारच छान! कशाचे आहेत?"

"मोहफुलाचे," जानकी म्हणाली.

आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो. क्षणभर थांबले आणि तिसराही खाल्ला! झाडं राहिली.

*

बाजाराचा किस्सा तर आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. आठवडी बाजारातून घरी जायची सरळ वाट दारूच्या दुकानावरून जायची. बुधराम ती सोडून बांधाबांधाने, चिखल तुडवत लांबून जायचा. डोक्यावर मिठाची पुरचुंडी, पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. लोक खो खो हसायचे.

पाळकसाहेबांना ते आवडलं नाही. म्हणाले, "विश्वासणाऱ्याने भ्यायचं कशाला? ताठ मानेनं त्या दुकानासमोरून जावं!"

"तुमी जा ना, बाबा, समोरून. तुमाले तिथं कोनी ओळखत नाई."

मला वाटतं, त्यांच्या साऱ्या प्रवचनांतून आम्ही मोहाबद्दल जे शिकलो नाही ते त्या एका वाक्यात शिकलो. पुढच्या बाजाराच्या दिवशी पाहतो तर बांधावरून दोघं चाललेले. पुढे बुधराम, मागे हातात बूट घेतलेले पाळकसाहेब!

*

रोजच्या प्रार्थनेत परीक्षेपासून, म्हणजे मोहापासून, राखण्याची विनंती आली की बुधरामचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. सगळे आमेन म्हणून मोकळे झाले तरी याचं चालूच. "अन् उद्या बाजार हाये, देवा. उद्या जरा जास्त ध्यान ठेवजो."

मुलं हसायची. मार्थाबाई हसत नसत.

*

का हसत नसत, ते मला एका पावसाळी दुपारी कळलं. बुधराम भिजलेलाच दवाखान्यात आला आणि बाकावर बसला. ताप नाही, जखम नाही. हात मात्र थरथरत होते.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काई नाई. बसू द्या जी."

मी उपदेशाचं काहीतरी बोलणार होतो. मार्थाबाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. त्यांनी धुतलेल्या बँडेजच्या पट्ट्यांची टोपली आणून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "गुंडाळ."

तो गुंडाळू लागला. टोपली संपली की बाई ती आत नेत, दुसरी आणून ठेवत. मी मनात म्हटलं, आपल्याकडे एवढी बँडेजं आली कुठून? आत डोकावलो तर बाई गुंडाळलेल्या पट्ट्या भराभर सोडून पुन्हा टोपलीत टाकत होत्या!

पाऊस थांबायच्या सुमारास बुधरामने एक पट्टी उचलली आणि न्याहाळली. "बाई, हे तं मी आताच गुंडाळली होती."

"माहीत आहे. पुन्हा गुंडाळ."

त्याने पुन्हा गुंडाळली. हात थांबले तेव्हा उठून घरी गेला, अर्थातच लांबच्या वाटेने. मला त्या दिवशी मार्थाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्यात ती पद्धत नाही, म्हणून राहिलं.

पुढे पाळकसाहेबांनी त्याला एकदा विचारलं, "आता मनाला शांती आहे ना?" बुधरामने बराच विचार केला. "मन काई गप नाई बसत, बाबा. अजूनही बोंबलते. पन पयले मी एकटाच आयकत होतो. आता तो संगं बसून आयकते." आणि त्याने बोट वर केलं. शांतीबद्दल याहून खरं मी काही ऐकलेलं नाही.

*

आणि आता सुखरामचा किस्सा. धानाची कापणी चालू होती आणि सुखराम अंथरुणाला खिळला. मार्थाबाई आणि मी बैलगाडीने गेलो. औषधाने भागेल असं काही उरलं नव्हतं. अंगणात बाजेवर तो पडलेला, भोवती भाऊबंद. बातमी ऐकून बुधरामही आला, आणि जानकी कडेवर पोर घेऊन दाराशी उभी राहिली.

सुखरामने इतक्या वर्षांनी हाक मारली. "बुध्या, इकडं ये."

बाजेखाली दारूचं मडकं होतं. सुखरामने द्रोण भरायला लावला आणि भावाच्या हातात दिला. "पोट्ट्यायनं आनली, पन चांगली हाये का नाई, मले समजत नाई. जीभ मेली माजी. तू चाखून सांग."

भट्टीवर असताना दारू ओळखावी ती बुधरामनेच, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. नाही म्हटलं तर भाऊ जातो, चाखली तर जानकी जाते. आणि जानकीपेक्षाही मला भीती त्याचीच वाटत होती, कारण वास माझ्यापर्यंत येत होता आणि द्रोण तर त्याच्या हातात होता.

बुधराम द्रोण घेऊन चुलीपाशी गेला. खाली बसला आणि त्यातली थोडी निखाऱ्यावर ओतली. भपकन निळी ज्योत उठली.

"पयल्या धारेची हाये, दादा. एकदम चांगली."

कुणी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. बहुतेक माझाच असेल.

तो परत आला, बाजेवर बसला आणि भावाचं डोकं मांडीवर घेतलं. "तुले पायजे तं मी पाजतो. माज्या हातानं पाजतो. मी मातर नाई पेनार, दादा."

सुखरामने द्रोण हाताने बाजूला सारला.

"जानके, पानी आन. दोघायले पुरन एवढं आन."

जानकीने लोटा आणला. सुखरामने बोटं बुडवून, दारू पिण्याआधी टाकतात तसे वाडवडिलांच्या नावाने चार थेंब जमिनीवर टाकले. मग एक घोट घेतला आणि लोटा बुधरामच्या हातात दिला. बुधराम घटाघट प्यायला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

सुखरामने तोंड वाकडं केलं.

"काऊन रे बुध्या, असलंच पेऊन राहिला का तू इतके वर्स?"