आफ्रिकेत राहून आलेले काका

सांगलीहून सकाळच्या एसटीत बसले, तेव्हा पिशवीत चाळीस कोऱ्या प्रश्नावल्या होत्या. परदेशात विकासाचा अभ्यास करायचा आणि पुढे आफ्रिकेत काम करायचं, असं मी ठरवलं होतं. प्रवेशासाठी एक निबंध पाठवायचा होता आणि हातात आठवडाच उरला होता. त्यासाठी खटाव तालुक्यातल्या एका गावात पाण्याची पाहणी करायला मी निघाले होते.

तासगावपर्यंत द्राक्षबागा दिसत राहिल्या. विट्यानंतर रान उघडं पडत गेलं. वडूजला पोचले, तर गावची गाडी निघून गेलेली. स्टँडबाहेर उभ्या असलेल्या, त्याच गावच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी मोटरसायकलवर बसवून घेतलं. वाटेत मी त्यांना आफ्रिकेतलं दारिद्र्य समजावून सांगत होते. ते नुसते ‘व्हय, व्हय’ म्हणत होते.

दुपारपर्यंत अकरा घरं उरकली. पुढचं घर हवालदारकाकांचंच. काकींनी आधी जेवायला बसवलं. भाकरी आणि रानातल्या ताज्या भाजीचं कालवण होतं. मी घाईघाईने जेवले आणि प्रश्न सुरू केले. काकांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग सहज सांगितलं, की संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तुकडीतून ते स्वतः आफ्रिकेत राहून आले होते. माझे कान तापले.

“आमच्या छावणीवर पाण्याला एक बाई यायची,” ते म्हणाले. “रोज दिसायची, म्हणून मी नाव इचारलं. तिनं दुभाष्याला सांगितलं, आदी ह्यो कवा जाणार ते इचार.”

“मग?”

“वरीसभरानं, म्हणालो. तिनं नाव सांगितलं न्हाई.”

चुलीपाशी काकी भाकरी थापत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “आन तू कवा जाणार हायस, पोरी?”

“चारच्या गाडीनं,” मी म्हणाले.

माझ्या कागदांवर फक्त घरांचे क्रमांक होते. काकींचंही नाव मला ठाऊक नव्हतं आणि आता विचारायचा धीर होईना. उरलेल्या प्रश्नावल्या तशाच पिशवीत ठेवल्या. चारच्या गाडीत बसले खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. विट्याला गाडी थांबली, तेव्हा परत फिरावं असं दोनदा वाटून गेलं.

घरी येऊन निबंध तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी त्या दुपारची ही हकीकतच लिहून पाठवली. निवड होईल की नाही, ठाऊक नाही. आफ्रिकेत जायचं तर अजूनही आहेच. पण तिथे कुणी विचारलं, कधी जाणार, तर कोणतं उत्तर खरं असेल, ते रोज शोधतेय. सापडत नाही.